लिक्विड क्लोरोफिल घेताय? चमचा बाजूला ठेवा, आधी मिलिग्रॅम मोजा

“ह्यानं रक्त वाढतंय न्हवं?”

काउंटरवर हिरवी बाटली टेकवून हा प्रश्न विचारणारं कुणीतरी आठवड्यातून एकदा येतंच. बाटली बहुतेक वेळा आमच्याकडची नसते. ऑनलाइन मागवलेली असते, नाहीतर मेव्हण्यानं ‘चेन’मधून गळ्यात मारलेली असते. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या एका ग्रुपमधल्या सातआठ जणांनी एकदमच सुरू केलं होतं. माप मात्र प्रत्येकाचं वेगळं. कुणाचं टोपणभर, कुणाचं चहाच्या चमच्यानं, आणि एक काका तर ‘पाणी हिरवंगार दिसेपर्यंत’ ओतायचे.

मी कोल्हापुरात औषधाचं दुकान चालवतो. हे घेतलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही, उलट बऱ्याच जणांना याची गरज नसते असंच मला वाटतं. पण ज्यांनी घ्यायचं ठरवलंच आहे ती माणसं जिथं जिथं चुकतात, त्या क्रमानं पुढचे टप्पे लिहिलेत. क्रम मोडू नका. पहिले तीन टप्पे बाटली विकत घेण्याआधीचे आहेत.

बाटलीत काय असतं तेही आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. पानातलं क्लोरोफिल, म्हणजे पानाचा हिरवा रंग, तेलात विरघळतं, पाण्यात नाही. मग पाण्यासारखी पातळ बाटली होते कशी? पानातून क्लोरोफिल काढतात, त्याची तेलात विरघळणारी शेपटी रसायनानं तोडतात, मधोमध असलेला मॅग्नेशियमचा अणू काढून तिथं तांब्याचा बसवतात. जे तयार होतं त्याचं नाव सोडियम कॉपर क्लोरोफिलिन. बाजारातल्या बहुतेक ‘लिक्विड क्लोरोफिल’मध्ये हेच असतं. कच्चा माल बऱ्याचदा अल्फाल्फाचा, म्हणजे आपल्याकडं म्हशीला घालतात तो लसूणघास. बाटलीवर ‘अल्फाल्फा’ लिहिलं की किंमत चढते, एवढंच.

टप्पा 1: कशासाठी घेताय ते एका ओळीत लिहा

वहीत, मोबाइलमध्ये, कॅलेंडरच्या मागं, कुठंही लिहा. ‘तब्येतीसाठी’ असं लिहिलं तर तो टप्पा झाला असं समजू नका. तब्येतीचं नेमकं काय, ते लिहा.

रक्त वाढवायचं असेल तर इथंच थांबा. क्लोरोफिल आणि आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन यांच्या रेणूत एक कडं सारखं दिसतं, त्यावरून ‘हिरवं रक्त’ ही जाहिरात चालते. पण क्लोरोफिलच्या कड्यात मॅग्नेशियम असतं, हिमोग्लोबिनच्या कड्यात लोह, आणि पोटात गेल्यावर एकाचं दुसरं होत नाही. बाटलीतल्या मालात तर तांबं असतं. थकवा येतोय, जिना चढताना धाप लागतेय, तर सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करा. हिमोग्लोबिन बाईमाणसाचं 12 च्या खाली, पुरुषाचं 13 च्या खाली, गरोदर बाईचं 11 च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. त्यावर डॉक्टर लोहाची गोळी देतील, आणि रक्त कशामुळं कमी झालं ते शोधतील. ते शोधणं गोळीपेक्षा महत्त्वाचं.

एक काकी चार महिने हिरवं पाणी पीत होत्या, लोहाच्या गोळ्या कडू लागतात म्हणून बंद केलेल्या. तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेसात. पाळीत जास्त अंगावर जात होतं, ते कुणाला सांगितलंच नव्हतं. बाटलीनं त्यांना अपाय केला नाही. फक्त चार महिने खाल्ले.

तोंडाच्या वासासाठी घेत असाल तर आधी दाताच्या डॉक्टरांकडं जा. वास बहुतेक वेळा हिरड्या, किडलेले दात, नाहीतर जिभेवरचा थर यातून येतो. अंगाच्या वासासाठी याचा वापर जुना आहे. शौचावर ताबा नसलेल्या किंवा पोटावर पिशवी लावलेल्या रुग्णांचा वास कमी करण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध खात्यानं, क्लोरोफिलिनला बिनचिठ्ठीचं औषध म्हणून जागा दिली आहे. त्या नियमातले आकडे पुढं मापाला लागतील.

वजन कमी होणं, चेहऱ्यावर तेज, ‘डिटॉक्स’ यासाठी घेणार असाल तर पैसे तुमचे. मी माझे घालणार नाही.

सगळ्यात नेटका अभ्यास कशाचा झालाय, तर बुरशीच्या विषाचा. चीनमधल्या चीडाँग भागात 180 जणांवर तो झाला, 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना 100 मिलिग्रॅम क्लोरोफिलिन दिवसातून तीनदा, जेवणाआधी, चार महिने दिलं. अफ्लाटॉक्सिनमुळं, म्हणजे शेंगदाणे-मक्यावर येणाऱ्या बुरशीच्या या विषामुळं, डीएनएला होणाऱ्या इजेची लघवीतली खूण त्यांच्यात 55 टक्क्यांनी कमी भरली. म्हणून डब्यातले काळपट, कडवट शेंगदाणे खायची मुभा मिळत नाही. ते टाकूनच द्यायचे, चटणीतसुद्धा घालायचे नाहीत.

टप्पा 2: स्वतःला या यादीत शोधा

खालच्या कुठल्याही ओळीत तुम्ही बसत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई. या काळासाठी पुरेसा अभ्यासच झालेला नाही, त्यामुळं ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ या वाक्याला आधार नाही.

12 वर्षांखालचं मूल.

विल्सन्स डिसीज. या आजारात शरीरातून तांबं बाहेर पडत नाही, आणि या बाटलीत तांबं आहे. इथं विचारणंही नको, सरळ नको.

उन्हानं कातडीवर परिणाम होईल अशी औषधं चालू असणारे. मुरमांसाठी डॉक्सीसायक्लिन, बीपीच्या गोळीत मिसळलेलं हायड्रोक्लोरोथायझाइड, मुरमांसाठीच आयसोट्रेटिनॉइन, ही रोजच्या विक्रीतली नावं. क्लोरोफिलमुळंही काही जणांची कातडी उन्हाला चटकन भाजते, फोड आल्याच्याही नोंदी आहेत. दोन्ही एकत्र आणि त्यात एप्रिलची दुपार, असं नको. बीपीच्या गोळीत काय काय आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. पाकीट घेऊन दुकानात या, वाचून सांगतो.

शौचाची तपासणी ठरलेली आहे. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणाऱ्या एका जुन्या पद्धतीच्या तपासणीत क्लोरोफिलिनमुळं रक्त नसतानाही ‘आहे’ असा निकाल येऊ शकतो. लॅबला आधी सांगा, आणि किती दिवस आधी बंद करायचं ते त्यांनाच विचारा.

इशारा: रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर ‘ग्रीन पावडर’, गव्हांकुराचा रस आणि क्लोरोफिल यांना एकच समजू नका. पावडर आणि रसात के जीवनसत्त्व असतं, ते गोळीच्या उलट काम करतं. दुकानात माणसं तिन्हीला ‘ते हिरवं’ म्हणतात, आणि घोळ तिथंच होतो.

टप्पा 3: बाटली उलटी करा, मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला पानाचं चित्र, दवबिंदू आणि ‘100 टक्के नैसर्गिक’ असतं. ती बाजू वाचायची गरज नाही. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दुसरं काही नाही. मागं एवढं शोधा.

घटकांत सोडियम कॉपर क्लोरोफिलिन किंवा क्लोरोफिलिन लिहिलंय का? आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थात घालायच्या घटकांचे क्रमांक; त्यातला आयएनएस 141 दिसला तरी तेच, तांबं असलेलं. आयएनएस 140 म्हणजे तांबं न घातलेलं.

एका मापात किती मिलिग्रॅम? ही ओळ नसेल तर बाटली परत ठेवा. ‘एक्स्ट्रॅक्ट 500’ असं मोघम लिहिलं असेल तरी ठेवा. 500 मिलिग्रॅम पानांचा अर्क आणि 500 मिलिग्रॅम क्लोरोफिलिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कॉपर किती? क्लोरोफिलिनच्या वजनात साधारण 4 ते 5 टक्के तांबं असतं, म्हणजे 100 मिलिग्रॅममागं 4 ते 5 मिलिग्रॅम. सगळं शरीरात शोषलं जात नाही, तरी दुसऱ्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही कॉपर असेल तर बेरीज करून बघा.

एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी परवाना क्रमांक. तो त्यांच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर घालून बघता येतो. नाव बाटलीवरच्या कंपनीशी जुळलं पाहिजे. हे औषध नाही, औषध म्हणून वापरायचं नाही, अशी ओळही हेल्थ सप्लिमेंटवर छापलेली असावी लागते. मागं ही ओळ आणि विकणाऱ्याच्या तोंडी ‘शुगर जाते, गाठी विरघळतात’, असं असेल तर कुणावर विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

गोडवा, ग्लिसरीन, पुदिन्याचा स्वाद हे असतंच. मधुमेह असेल तर साखर किती तेवढं बघा.

टप्पा 4: आता गणित

सगळ्यात जास्त माणसं इथं चुकतात, म्हणून जरा सावकाश.

एफडीएच्या त्या नियमात प्रौढांसाठी दिवसाला 100 ते 200 मिलिग्रॅम, विभागून, असं माप आहे. वास आटोक्यात आला नाही तर आणखी 100. दिवसाला 300 च्या वर नाही. ही कमाल मर्यादा धरा. सुरुवात याच्या कितीतरी खालून करायची आहे.

आता दोन बाटल्या समोर ठेवतो. आकडे हिशोबासाठी घेतलेत. पहिलीवर लिहिलंय, 15 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम. दुसरी छोटी, ड्रॉपरवाली, तिच्यावर 1 मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम. दोन्हींचा रंग सारखाच, दोन्ही ‘लिक्विड क्लोरोफिल’.

पहिलीतून 5 मिलिलिटर घेतलं तर 33 मिलिग्रॅम. दुसरीतून तेवढंच घेतलं तर 250. सकाळ-संध्याकाळ घेतलं तर 500.

नेमकं हेच आमच्या एका गिऱ्हाइकाचं झालं. मोठी बाटली संपली, ऑनलाइन छोटी स्वस्त मिळाली, चमचा तोच ठेवला. तिसऱ्या दिवशी पोटात मुरडा आणि जुलाब. दुकानात येऊन म्हणतात, “डुप्लिकेट माल हाय वाटतं.” माल बरोबर होता. चमचा चुकला होता.

तेव्हा असं करा. इच्छित मिलिग्रॅम भागिले 1 मिलिलिटरमधले मिलिग्रॅम, बरोबर तुमचं माप मिलिलिटरमध्ये. दुसऱ्या बाटलीतून 25 मिलिग्रॅम हवेत तर 25 भागिले 50, म्हणजे अर्धा मिलिलिटर. पहिलीत 1 मिलिलिटरला साधारण 6.7 मिलिग्रॅम पडतात, म्हणजे पावणेचार मिलिलिटर. उत्तर पेनानं बाटलीवर लिहून ठेवा. नवीन बाटली आणली की गणित नव्यानं, कंपनी तीच असली तरी.

घरातला चमचा वापरू नका. चहाचे चमचे प्रत्येक घरात निराळे. लहान मुलांच्या सिरपबरोबर येणारं मापाचं टोपण किंवा सुई नसलेली 5 मिलिलिटरची सिरिंज घ्या, कुठल्याही मेडिकलमध्ये किरकोळ पैशात मिळते. थेंब मोजणंही फसवं. पाण्याचे 20 थेंब म्हणजे साधारण 1 मिलिलिटर, पण ग्लिसरीनचा घट्ट द्रव तसाच पडेल याची खात्री नाही.

तपासा: बाटलीवर तुमच्या अक्षरात मिलिलिटरचा आकडा आहे का? नसेल तर पुढं जाऊ नका.

टप्पा 5: पहिले सात दिवस

पहिले तीन दिवस 25 मिलिग्रॅमच्या आसपास, दिवसातून एकदा. नाश्ता झाल्यावर. ‘अनुशापोटीच लागू पडतं’ हे ऐकीव आहे, आणि पोट बिघडणाऱ्यांत असे उपाशीपोटी घेणारेच मला जास्त भेटतात. चौथ्या दिवशी काही त्रास नसेल तर 50. सातव्या दिवसापर्यंत तिथंच राहा. त्यानंतर वाढवायचं असेल तर 100 पर्यंत, दोन वेळांत वाटून. बहुतेकांनी त्यापुढं जायचं कारण नाही.

पेलाभर साध्या पाण्यात मिसळा. स्टीलचा पेला चालतो. तांब्याच्या भांड्यात कालवून रात्रभर ठेवण्याची एक नवी टूम निघालीय, ती नको. बाटलीत तांबं आहेच. उकळत्या पाण्यात, चहात, काढ्यातही घालू नका.

आणि लिंबू. सगळे लिंबू पिळतात. बऱ्याच क्लोरोफिलिनचा आंबट पाण्यात साका होतो, हिरवे कण तळाला बसतात. वरचं पाणी तुम्ही पिता आणि मोजलेलं माप पेल्याच्या बुडाशी राहतं. लिंबूपाणी हवं तर वेगळं प्या.

दात आणि जीभ हिरवी होते. स्ट्रॉनं प्या, नंतर चूळ भरा. पांढरा शर्ट घालून ओतू नका. ओट्यावर सांडलं तर लगेच पुसा, डाग वाळला की घासत बसावं लागतं.

लोहाची गोळी चालू असेल तर ती या नादात बंद करू नका. तिची वेळ वेगळी ठेवा, आणि गोळीवर लगेच चहा घेऊ नका.

टप्पा 6: रंग बघून घाबरू नका, पण डोळे उघडे ठेवा

शौच हिरवं होणं अपेक्षित आहे. लघवीला थोडी हिरवट झाक, जीभ पिवळट किंवा काळपट, हेही होतं. बंद केल्यावर जातं.

पातळ शौचाला लागलं किंवा पोटात कळ आली तर एक पायरी खाली या. दोन दिवसांत थांबलं नाही तर बंद करा.

उन्हात गेल्यावर चेहरा, हाताची पाठ, मानेवर नेहमीपेक्षा जास्त आग झाली, पुरळ किंवा फोड आले, तर त्याच दिवशी बंद. डॉक्टरांकडं जाताना बाटली बरोबर न्या. ‘काही औषध चालू नाही’ असं सांगू नका. माणसं सप्लिमेंटला औषधात धरत नाहीत, आणि डॉक्टर अंधारात चाचपडत राहतात. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर थेट इमर्जन्सी गाठा.

इशारा: डांबरासारखं काळं, चिकट, घाण वास येणारं शौच झालं तर ‘हिरव्याचाच रंग असेल’ म्हणून सोडून देऊ नका. लोहाच्या गोळीनंही शौच काळपट होतं हे खरं, पण डांबरासारखं चिकट शौच जठरातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांनी तर एक तासही वाट बघू नये.

टप्पा 7: थांबायची तारीख

सुरू करतानाच कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहा. सहा आठवडे हा माझा हिशोब आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. टप्पा 1 मध्ये लिहिलेली ओळ त्या दिवशी काढा. फरक पडला का? ‘बरं वाटतंय’ हे उत्तर धरायचं नाही. वासासाठी घेतलं असेल तर घरातल्या माणसाला विचारा, ते खरं सांगतात. फरक नसेल तर बाटली बंद. दुसरी कंपनी, तिसरी कंपनी असा फेरा सुरू करू नका.

उघडलेली बाटली अंधारात ठेवा, लेबलवर लिहिलं असेल तर फ्रिजमध्ये. उजेड आणि हवेनं रंग उतरतो. तपकिरी झालेली, आंबूस वास आलेली बाटली फेकून द्या, महागाची असली तरी.

बाटलीऐवजी: पालकाची जुडी

एक कप कच्चा पालक, वजनात साधारण 30 ग्रॅम, त्यात 24 मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरोफिल असतं. म्हणजे लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थ मार्केटमध्ये घेतलेल्या पावशेर निवडलेल्या पालकात दोनशेच्या जवळपास. वर फोलेट, चोथा आणि के जीवनसत्त्व फुकट. तांबं बसवलेलं नाही, पानातलं. बाटलीतल्याशी त्याची तंतोतंत तुलना होत नाही, पण मला निवडायला सांगाल तर मी जुडी उचलीन. मेथी, चाकवत, तांदुळजा, कोथिंबीर, जे हिरवं मिळेल ते.

इथंही चुका होतातच. पालक मिक्सरमधून काढून रस गाळायचा, बाटली भरून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि त्याला घरचं लिक्विड क्लोरोफिल म्हणायचं, हे करू नका. कच्च्या पाल्याची माती आणि जंतू त्यात तसेच राहतात. शिवाय पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. रोज पेलाभर कच्चा रस हा मूतखडा झालेल्या किंवा किडनी नाजूक असलेल्या माणसासाठी धोका आहे. अशांनी पालकाचा नाद सोडून मेथीकडं वळावं. आणि लसूणघासाचा रस कुणी सांगितला तर तो म्हशीलाच ठेवा.

भाजी हिरवी राहत नाही ही तक्रार सगळ्यांची. उष्णता आणि आंबटपणा मिळून क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो, आणि पान शेवाळी-तपकिरी पडतं. चिंच, टोमॅटो, ताक शिजताना घालू नका, गॅस बंद केल्यावर घाला. सोडा टाकला की रंग झकास राहतो, पण जीवनसत्त्वं जातात, म्हणून सोडा नको.

पाल्याला तीन पाणी द्या. भरपूर पाणी खळखळून उकळवा, त्यात पानं मिनिटभर टाका आणि झाकण ठेवू नका. पानातली आम्लं वाफेबरोबर उडून जायला हवीत, झाकण ठेवलं की ती परत पाण्यात पडतात. मग पानं गार पाण्यात, निथळून, लसणाच्या फोडणीत. फोडणीला चमचाभर तेल घाला, कंजूषपणा करू नका. क्लोरोफिल तेलातच विरघळतं.